योबेलाचे शिंग : बायबल आणि ऋणाचा प्रश्न

‘ज्युबिली’ हा शब्द मराठी माणसाला परका राहिलेला नाही. एखादा चित्रपट २५ आठवडे चालला की त्याची ‘सिल्व्हर ज्युबिली’ झाली, असे म्हणण्याचा प्रघात होता. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी निघाली. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. पुण्यास चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, ती २२ जून १८९७ ची रात्रदेखील याच राणीच्या हीरकमहोत्सवाच्या मेजवानीची रात्र होती. तात्पर्य, रोषणाई, मेजवान्या आणि राजवैभव यांच्याशी हा शब्द आपल्याकडे जोडला गेला. परंतु त्याचे मूळ शोधू गेल्यास ते एका वेगळ्याच ठिकाणी सापडते. ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचे शिंग, असा मूळ हिब्रू शब्द आहे. लॅटिन भाषेतील हर्षध्वनीच्या शब्दाशी त्याची सरमिसळ होऊन ‘ज्युबिली’ हे रूप युरोपात रूढ झाले. प्राचीन इस्राएलाच्या धर्मशास्त्राप्रमाणे हे शिंग फुंकावयाचे ते कोणा राजाच्या गौरवासाठी नव्हे, तर दारिद्र्यामुळे जमीन आणि स्वातंत्र्य गमावलेल्या माणसाला ती दोन्ही परत मिळाली, हे देशभर जाहीर करण्यासाठी.

ही आज्ञा बायबलात आहे. बायबल हे एकच एक पुस्तक असल्याची सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो एक ग्रंथसंग्रह आहे, आणि ज्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव आले त्याचा अर्थही ‘ग्रंथ’ असा अनेकवचनीच आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत या संग्रहात ६६ ग्रंथ आहेत, तर कॅथलिक परंपरेत ७३. जुना करार बव्हंशी हिब्रू भाषेत आहे, त्यातील काही भाग अरामी भाषेत आहे, आणि नवा करार ग्रीक भाषेत आहे. मराठी वाचकाला याचा एक सुबोध अनुवाद मिळाला तो पंडिता रमाबाईंकडून. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या दोन्ही भाषांचा त्यांनी अभ्यास केला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगाव येथे या कामात घालविली. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर १९२४ मध्ये तो अनुवाद प्रसिद्ध झाला.

योबेलाची आज्ञा ज्या ग्रंथात आहे त्याचे नाव ‘लेवीय’. याजकांचे विधी आणि यज्ञांचे नियम यांनी भरलेला हा ग्रंथ सामान्य वाचक बहुधा ओलांडूनच पुढे जातो. परंतु या ग्रंथाच्या बाबतीत अलीकडे एक विलक्षण गोष्ट घडली. मृत समुद्राच्या काठी एन-गेदी येथे १९७० साली एका प्राचीन सभास्थानाचे उत्खनन चालू असता तेथे एक गुंडाळी सापडली. सुमारे चौदा शतकांपूर्वीच्या आगीत तिचा कोळसा झाला होता. हात लावताच तिचा चुरा होईल, या भीतीने ती अनेक वर्षे तशीच ठेवण्यात आली. पुढे क्ष-किरणांच्या साह्याने तिचे सूक्ष्म चित्रण करण्यात आले, आणि अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स व त्यांचे सहकारी यांनी संगणकाच्या पडद्यावर ती अलगद उलगडली. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या कोळशात दडलेला मजकूर लेवीय ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांचा होता, आणि मध्ययुगीन हस्तलिखितांतून आजवर चालत आलेल्या हिब्रू पाठाशी तो तंतोतंत जुळत होता.

त्याच ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा नियम सांगितला आहे. सात वर्षांचे एक चक्र, अशी सात चक्रे म्हणजे ४९ वर्षे. त्यानंतरचे वर्ष योबेलाचे. त्या वर्षी प्रत्येक कुटुंबाला त्याची वडिलोपार्जित जमीन परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळे जो स्वतःला विकून दुसऱ्याच्या घरी राबत असेल त्याने मुलाबाळांसह आपल्या घरी परतावे. या नियमामागील तत्त्व असे की भूमी ही परमेश्वराची आहे. माणूस तिच्यावर केवळ पाहुणा आणि कूळ म्हणून राहतो. सबब ती कायमची विकता येत नाही. व्यवहारात याचा अर्थ फार चोख होता. योबेलाला जितकी वर्षे उरली असतील तितक्या पिकांची किंमत विकत घेणाऱ्याने द्यावयाची. म्हणजे खरेदी होई ती पिकांची, भूमीची नव्हे. तटबंदीच्या शहरातील घराला मात्र ही सवलत नव्हती. ते घर एक वर्षाच्या आत सोडवून घेतले नाही, तर ते घेणाऱ्याचे कायमचे झाले. ज्याच्यावर पोट अवलंबून आहे ती शेती आणि शहरातील घर यांत शास्त्रकारांनी केलेला हा भेद विचार करण्याजोगा आहे.

‘अनुवाद’ या ग्रंथात याला आणखी एक जोड दिलेली आहे. दर सातव्या वर्षी स्वजनांवरील कर्ज सोडून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. तारणाविषयीचे नियम तर फारच बारकाईचे आहेत. जाते, किंवा जात्याची वरची तळी, कोणी गहाण घेऊ नये. कारण ते घेणे म्हणजे त्या घराचे जीवितच गहाण घेणे होय. गहाण वस्तू आणण्यासाठी सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने ती वस्तू बाहेर आणून द्यावी. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घेण्यास त्याच्यापाशी दुसरे काही नसते. ऋणको गरीब झाला म्हणून त्याची प्रतिष्ठा संपत नाही, हा या सर्व नियमांचा गाभा आहे.

हे नियम केवळ ग्रंथात राहिले नव्हते, याची एक हृद्य साक्ष १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळील एका जुन्या किल्ल्यात मिळाली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका खापरावर शाईने लिहिलेला तो अर्ज आहे. एका कापणी करणाऱ्या मजुराने तो अधिकाऱ्याकडे केला आहे. नेमून दिलेले काम आपण पूर्ण केले, तरीही मुकादमाने आपले वस्त्र काढून नेले; बरोबरीचे कामकरी आपल्या बाजूने साक्ष देतील; ते वस्त्र परत मिळावे, एवढेच त्याचे मागणे आहे. त्याला वस्त्र परत मिळाले की नाही, हे ते खापर सांगत नाही.

कर्जमुक्तीची कल्पना इस्राएलाने प्रथम काढली, असे मात्र नव्हे. बाबिलोनचे राजे त्याहीपूर्वी अशी फर्माने काढीत असत. हम्मुराबीच्याच वंशातील अम्मिसदुका या राजाचे, इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातील फर्मान मातीच्या विटांवर लिहिलेले सापडले आहे. परंतु त्या माफीचा मुहूर्त राजाच्या इच्छेवर अवलंबून असे. राज्यारोहण झाले, प्रजा असंतुष्ट झाली, की फर्मान निघे. बायबलातील नियमाने हा अधिकार राजाच्या हातून काढून पंचांगाच्या स्वाधीन केला. वर्ष आले की शिंग वाजलेच पाहिजे. कोणाची मर्जी संपादण्याचे कारण नाही आणि कोणाचे उपकार मानण्याचेही कारण नाही. माफी कधी येणार हे धनकोला आणि ऋणकोला आधीपासून सारखेच ठाऊक असे. बायबलाच्या ऋणविचाराचे खरे वैशिष्ट्य या एका फरकात आहे.

हा नियम प्रत्यक्षात कितपत चालला? योबेल वर्ष नियमाने पाळले गेल्याचा निर्विवाद पुरावा उपलब्ध नाही. बायबल स्वतःच आपल्या समाजाच्या अपयशाची कथा सांगते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यरुशलेमचा कोट बांधला जात असताना लोकांनी आक्रोश केला, की दुष्काळात धान्यासाठी आणि इराणच्या बादशहाचा कर भरण्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले, आणि आता मुलेमुलीही दास होत आहेत. सुभेदार नहेम्या याने सावकारांची सभा भरविली, आपण व आपले भाऊही कर्ज देणाऱ्यांत आहोत हे सर्वांसमक्ष मान्य केले, आणि शेते, मळे व घरे परत करविली. पुढे दुसरीच अडचण उभी राहिली. सातवे वर्ष जवळ आले की कोणी कर्जच देईना. तेव्हा हिल्लेल या थोर धर्माचार्याने एक तोड काढली. धनकोने आपले येणे न्यायसभेच्या स्वाधीन केल्याचा लेख करावा, म्हणजे ते सातव्या वर्षी बुडणार नाही. गरिबाला संरक्षण द्यावे तर त्याची पत जाते, आणि पत राखावी तर संरक्षण जाते. हा पेच दोन हजार वर्षांपूर्वीही तितकाच अवघड होता.

बायबलाचे मार्गदर्शन घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. याच २५ व्या अध्यायात, स्वजनाला मुक्त करण्याच्या आज्ञेनंतर थोड्याच अंतरावर, परकीय दासांना कायमचे बाळगण्याची आणि मुलांना वारसाहक्काने देण्याची मुभा दिलेली आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील सुप्रसिद्ध घंटेवर योबेलाच्या आज्ञेतील स्वातंत्र्यघोषणा कोरलेली आहे. ती घंटा १७५१ साली मागविली गेली, तेव्हा त्या शहरात गुलाम होते. पुढे एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीच्या विरोधकांनी त्या अक्षरांचा अर्थ मनावर घेतला आणि तिला ‘स्वातंत्र्याची घंटा’ हे नाव दिले. त्याच वेळी गुलामांचे मालक त्याच अध्यायातील दुसऱ्या वचनाकडे बोट दाखवीत होते. ग्रंथ एक, अध्यायही एक, आणि निष्कर्ष परस्परविरोधी! धर्मग्रंथ प्रश्न सोडवून देत नाही. वाचणारा त्यातील कोणते वचन मोजमाप म्हणून हाती धरतो, यावर त्याचे उत्तर ठरते.

आपल्या काळात हे शिंग पुन्हा एकदा वाजले. ‘ज्युबिली २०००’ या नावाची चळवळ ब्रिटनमध्ये सुरू झाली. दरिद्री राष्ट्रांवरील न फिटणारी कर्जे इसवी सन २००० पर्यंत माफ करावीत, अशी तिची मागणी होती आणि तिचा आधार लेवीय ग्रंथाचा हाच अध्याय होता. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे धनाढ्य राष्ट्रांचे नेते जमले असता सुमारे ७० हजार लोकांनी हात धरून साखळी केली. पुढल्या वर्षी जून महिन्यात कोलोनच्या परिषदेत कर्जमाफीची व्याप्ती वाढविण्याचे ठरले, आणि पुढील काळात ३० हून अधिक देशांना तिचा लाभ झाला. टांझानियाने २००१ साली प्राथमिक शाळांचे शुल्क उठविले, त्याला या माफीने मोकळ्या झालेल्या पैशाचा हातभार लागला. परंतु २००५ साली माफी मिळालेला झांबिया २०२० मध्ये पुन्हा कर्जफेड करू शकला नाही. एकदाच वाजलेले शिंग पुरे पडत नाही, म्हणूनच मूळ नियमात ते पुनःपुन्हा वाजावयाचे होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, आणि रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन कर्जाचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. स्वातंत्र्योत्तर काळात २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफीच्या मोठ्या योजना जाहीर झाल्या. माफीने परतफेडीची शिस्त बिघडते, असे एक पक्ष म्हणतो. अवर्षण आणि पडलेले भाव हा ऋणकोचा दोष नव्हे, असे दुसरा म्हणतो. या वादाच्या दोन्ही बाजू हिल्लेलच्या आणि नहेम्याच्या ओळखीच्याच होत्या. मात्र आपल्याकडील प्रत्येक माफी अम्मिसदुकाच्या फर्मानासारखी आली आहे. ती केव्हा येईल, कोणाला मिळेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. ज्याने पोटाला चिमटा घेऊन हप्ते फेडले त्याला ती अन्याय वाटते, आणि ज्याने वाट पाहिली पण ज्याचे नाव यादीत आले नाही, त्यालाही. बायबलातील ४९ वर्षांचे गणित आजच्या पतव्यवस्थेला जसेच्या तसे लावता येणार नाही, हे उघड आहे. परंतु माफीचा नियम आधी ठरलेला असावा, तो सर्वांना सारखा माहीत असावा, आणि कर्ज कितीही थकले तरी जात्याला हात लागू नये, या तीन गोष्टी आजच्या कायद्यालाही विचारता येतील.

योबेलाचे शिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे, हेही त्या अध्यायात नेमून दिलेले आहे. तो दिवस प्रायश्चित्ताचा. सबंध समाजाने उपास करून परमेश्वराकडे आपल्या अपराधांची क्षमा मागण्याचा. त्याच दिवशी दुसऱ्याची जमीन त्याला परत द्यावयाची होती. स्वतःसाठी क्षमा मागावयाची आणि शेजाऱ्याचे शेत मात्र दाबून ठेवावयाचे, अशी सोय त्या पंचांगात ठेवलेली नव्हती.