नकाशात नसलेली शेरडं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



"कशात एमए केलंस गं?" असं कुणी विचारलं, की मी आधी मोठा श्वास घेते. कारण उत्तर लांबलचक आहे. ग्रामीण नियोजन आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचं व्यवस्थापन! हे ऐकून आमच्या मामांनी विचारलं होतं, "म्हणजे तू ग्रामसेविका होणार का?" गावातल्यांना वाटतं, गावाचं काय शिकायचं? शहरातल्यांना वाटतं, त्यासाठी विद्यापीठ कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

पहिल्याच महिन्यात सरांनी आम्हाला एक हिशेब घातला. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? उत्तर आलं, १० हजार लिटर. म्हणजे ज्या गावाचं शिवार १,००० हेक्टर आहे आणि पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटर, त्या गावावर वर्षभरात ५०० कोटी लिटर पाणी पडतं. आम्ही चाटच पडलो. मग अशा गावात उन्हाळा लागायच्या आत टँकर का येतो?

अभ्यास खरा इथून सुरू झाला. पडलेल्या पाण्याची काही वाफ होते, काही पाणी उतारावरची माती घेऊन पळतं आणि थोडंच जमिनीत मुरतं. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणावर आहे. तो वाळूसारखा पाणी पीत नाही. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी असतं आणि बांधापलीकडची विहीर कोरडी असते. आम्ही माती तपासायला शिकलो, नकाशावर पाणलोटाच्या रेषा काढायला शिकलो. लाकडाच्या ए-फ्रेमनं डोंगरउतारावर समपातळी रेषा आखायला शिकलो. 'माथा ते पायथा' हा तर मंत्रच होता. आधी डोंगरमाथ्यावर चर खणायचे, पाण्याचा वेग मोडायचा आणि मग खाली ओढ्यावर बंधारे घालायचे.

दुसऱ्या वर्षी आम्हा सहाजणांना माणदेशातलं एक गाव मिळालं. दीड महिना राहायचं आणि गावाचा पाणलोट आराखडा करायचा. आम्ही झपाटल्यासारखं काम केलं. घरोघर माहिती घेतली, विहिरींची पातळी मोजली, रंगीत नकाशा केला. गावच्या वरच्या अंगाला मोठं गायरान होतं, उघडंबोडकं. आम्ही तिथे सलग समतल चर दाखवले, झाडं दाखवली आणि तीन वर्षं चराईबंदी. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आहे, हे आम्हाला पाठच होतं.

नकाशा आम्ही देवळाच्या पारावर मांडला. माणसं जमली, माना डोलावल्या. सरपंचांनी कौतुक केलं. सगळं पार पडलं असं वाटत असताना एक म्हातारी पुढे आली. नकाशाकडे बराच वेळ बघून म्हणाली, "पोरी, यात माझी शेरडं कुठं काढलीत गं?"

मी म्हटलं, "आजी, नकाशात शेळ्या दाखवत नाहीत."

"व्हय का? मग तीन वरसं ती कुठं चारायची, ते तरी दाव."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजींना जमीन नव्हती. चार शेळ्या आणि गायरान एवढाच त्यांचा संसार. गावात अशी बावीस घरं निघाली. आमच्या प्रश्नावलीत 'जमीन किती? पीक कोणतं? विहीर आहे का?' असे रकाने होते. या घरांपुढे आम्ही सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि पुढे गेलो होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण आता गणित उघडं पडलं होतं. चर खणायचे डोंगरावर, सगळ्यांच्या गायरानात. त्यासाठी चराई सोडायची शेळीवाल्यांनी. आणि मुरलेलं पाणी उतरणार कुठे? पायथ्याला, ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या मळ्यात. आमचा आराखडा शास्त्राप्रमाणे बरोबर होता, पण तो एकाच्या ताटातला घास काढून दुसऱ्याच्या ताटात वाढत होता.

रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकाचं पुस्तक आम्हाला होतं. बाहेरून येणाऱ्याला डांबरी सडकेच्या कडेचं गाव दिसतं, आतली गरिबी दिसत नाही, असं त्यांनी १९८३ साली लिहून ठेवलं आहे. परीक्षेत त्यावर मी चांगले गुण मिळवले होते! पण माझी सडक डांबरी नव्हती, ती सातबाऱ्याची होती. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, तोच मला दिसत होता.

मग मला वर्गात शिकलेलं एक उदाहरण नव्यानं कळलं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकानं पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची जमीन घेऊन काम सुरू केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीवर नाही, माणसांच्या संख्येवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. पाणी अडवणं ही अभियांत्रिकी आहे, ते वाटणं हा न्याय आहे, हे साळुंखे यांनी ओळखलं होतं.

आम्ही आराखडा पुन्हा हाती घेतला. या वेळी शिवारफेरीला आजी पुढे आणि आम्ही मागे. कोणत्या घळीत गवत आधी येतं, कुठलं पाणी कधी आटतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या नकाशात ओसाड दाखवलेला एक तुकडा तर वैशाखात शेळ्यांचा मोठा आधार निघाला. मग आम्ही गायरानाचे तीन भाग केले. एका वेळी एकच बंद ठेवायचा. बंद भागातलं गवत कापून न्यायचं आणि पहिला हक्क भूमिहीन घरांचा.

ग्रामसभेनं हे मान्य केलं. मात्र विहिरींच्या वाढलेल्या पाण्यात भूमिहीनांना वाटा द्यावा, हा आमचा दुसरा ठराव बारगळला. "विहीर माझी, पाणी माझं," असं एक बागाईतदार म्हणाले आणि सभा गप्प झाली. हे मी लपवत नाही. हिवरे बाजारसारख्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, त्यामागे वर्षानुवर्षांची ग्रामसभा आहे. सहा विद्यार्थ्यांच्या दीड महिन्यात ते होत नसतं.

तर मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं. विद्यापीठात मी पाणी मोजायला शिकले आणि ते शिकायलाच हवं. पावसाचा हिशेब न मांडता बंधारा घातला, तर पैसा वाया जातो. पण ते पाणी कुणाचं, हा रकाना मला एका अक्षरशत्रू बाईनं भरायला लावला. आज माझ्या हाताखाली मुलं गावात जातात, तेव्हा त्यांच्या कोऱ्या कागदावर मी आधी एकच ओळ लिहून देते : शेरडं कुठं चारतात, ते विचारा.