शेवटचं बरोबर कधी चाललं होतं?

(दादर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातील काही भाग)

2008 साली पुण्यात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची आशिया-पॅसिफिक 'रोबोकॉन' स्पर्धा झाली. त्या वर्षीचा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. आपल्या दादर-लालबागच्या गल्ल्यांतला दहीहंडीचा सराव तुम्ही पाहिलाच असेल. थर चढवण्याइतकाच तो उतरवण्याचाही सराव असतो. कोसळलाच, तर वरच्या पोराला कसं झेलायचं हेही ठरलेलं असतं. रोबोट करणाऱ्या मुलांना अपयश असं झेलणं मात्र फारसं कुणी शिकवत नाही. मी अशा मुलांसोबत बरीच वर्षं बसतोय, म्हणून आज त्याबद्दलच बोलणार आहे.

एका स्पर्धेतली गोष्ट सांगतो. चौघांचा गट होता आणि रोबोट काळ्या रेषेवरून चालणारा. मोटारी, सेन्सर, बॅटरी, सगळं लॅमिंग्टन रोडवरून हिंडून आणलेलं. परळच्या चाळीतल्या खोलीत, रात्री ट्यूबलाइटखाली, पंधरा दिवस तो न चुकता चालला. स्पर्धेच्या सकाळी सभागृहात ठेवला, तर पहिल्याच वळणावर रेषा सोडून भिंतीकडे निघाला. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. तिघांचे डोळे चौथ्याकडे वळले, कारण सोल्डरिंग त्याचं होतं. "तूच काहीतरी केलंयस." त्या पोराच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थरथरत होता. तो हात मी अजून विसरलेलो नाही.

मी एवढंच विचारलं, "शेवटचं बरोबर कधी चाललं होतं? तेव्हापासून काय काय बदललं?" मुलं मोजू लागली. बॅटरी तीच, कोड तोच, चाकं तीच. तेवढ्यात त्यांच्यातली मुलगी रोबोट उचलायला वाकली. तिची सावली त्यावर पडली, आणि तो गुमान रेषेवर आला! ती उठली, तो पुन्हा भरकटला. मोठ्या खिडक्यांतून ऊन थेट त्या रेषेवर येत होतं.

रेषा ओळखणाऱ्या सेन्सरमधून अवरक्त किरण खाली सुटतो. पांढरा भाग तो परत पाठवतो, काळा गिळून टाकतो. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, त्यामुळे सेन्सरला काळं-पांढरं सारखंच दिसायला लागलं. मुलांनी पुठ्ठ्याची झालर कापून सेन्सरभोवती चिकटवली, जागेवरच नवी मोजमापं घेतली. तोवर त्यांची फेरी संपली होती. सोल्डरिंग शेवटपर्यंत पक्कं निघालं. त्या तिघांनी त्याची माफी मागितली, हे मला बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

'कुणी केलं' हा प्रश्न गट फोडतो, 'काय बदललं' हा प्रश्न गटाला कामाला लावतो. इस्रोचंच बघा. 7 सप्टेंबर 2019च्या पहाटे चांद्रयान-2चा 'विक्रम' लँडर चंद्रावर आदळला. त्याच्या शेवटच्या क्षणांतली आकडेवारी इस्रोच्या लोकांनी चाळून काढली. पुढच्या यानाचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. उतरण्याची जागा आधी पाचशे मीटर लांब-रुंद होती, ती चार किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली. 23 ऑगस्ट 2023ला चांद्रयान-3 उतरलं.

आपल्या शाळा-कॉलेजांत मात्र जिंकलेल्या रोबोटचा फोटो भिंतीवर लागतो, हरलेला सुटा होऊन खोक्यात जातो. पुढच्या वर्षीची मुलं तीच मोटार पुन्हा जाळतात. म्हणून माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजातली सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन मला जवळची वाटते. तिथं मोठी मुलंच धाकट्यांसाठी 'वॉल-ई' कार्यशाळा घेतात, रेषेवरून चालणारा आणि तोल सांभाळणारा रोबोट शिकवतात. माझी पालकांना, शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक गटाला बिघाडाची एक वही द्या, आणि तिला गुण द्या.

त्या चौघांनी तशी वही ठेवली. पहिल्या पानावर तारीख, वेळ, खिडक्यांची दिशा आणि झालरीचं माप आहे. पुढच्या वर्षी त्यांची धाकटी मंडळी स्पर्धेला गेली. खोकं उघडण्याआधी दोघं सभागृहभर फिरून ऊन कुठून येतंय ते बघून आली.