दोष दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे



रोइंग प्रशिक्षकांची ही परिषद नाशिकला भरली आहे, तेव्हा सुरुवात दत्तू भोकनळ यांच्या नावानेच व्हायला हवी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि त्यानंतरच रोइंगकडे वळला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने सुवर्ण जिंकले. अशीच कष्टाने अंग कमावलेली मुले आजही आपल्याकडे येतात. ताकद असते, पण ती बहुधा खांद्यांत आणि पाठीत. रोइंगला आधी पाय लागतात, मग पाठ, शेवटी हात. ही मुले वल्हे हातात येताच हातांनीच ओढू लागतात, आणि आपले ओरडणे तिथूनच सुरू होते.

या ओरडण्याबद्दलच मला आज बोलायचे आहे. गेली कित्येक वर्षे मी काठावरून एकच चित्र पाहतो. कॅचच्या, म्हणजे पाते पाण्यात शिरण्याच्या, अगदी आधी वल्ह्याचे पाते पाण्यापासून वर उडते. प्रशिक्षक मेगाफोनवरून सांगतात, ‘हात वर ठेव!’ मुलगा चार स्ट्रोक हात वर ठेवतो, पाचव्याला पाते पुन्हा आकाशात. कारण दोष हातांत नसतोच. रिकव्हरीत, म्हणजे पुढच्या स्ट्रोकसाठी सीट पुढे सरकत असताना, त्याचे अंग वेळेवर कमरेतून पुढे झुकलेले नसते. सीट पुढच्या टोकाला पोहोचली की राहिलेली लांबी मिळवायला तो पुढे झेपावतो, त्या झेपेत हात खाली दबतात आणि पाते वर जाते. इथे थांब्याचा सराव द्यावा. हात गुडघ्यांपलीकडे गेले, अंग झुकले की क्षणभर थांबायचे, आणि तिथून फक्त सीट सरकवायची. पात्याचा उल्लेखही करावा लागत नाही.

कधी तर दोष मुलात नसून नौकेत असतो. रिगर, म्हणजे वल्ह्याला आधार देणारी चौकट, खाली बसवलेला असेल तर हात मांड्यांना घासतात आणि पाते पाण्यातून स्वच्छ निघत नाही. अशा मुलाला शब्दांनी सुधारणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पाना हातात घ्या, उंची मोजा, मग बोला.

आणि बोललात तर कशाबद्दल? केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे स्टीव्ह फेअरबेर्न त्या काळच्या ठरीव अंगस्थितीच्या शिकवणीला छेद देऊन सांगत असत की नजर वल्ह्याच्या पात्यावर हवी. पुढे गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातूनही तेच दिसले. लक्ष स्वतःच्या अवयवांवर असण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर असले, तर कौशल्य सहसा चांगले साधते. म्हणून ‘गुडघे दाब’ म्हणण्याऐवजी ‘पाते पाण्यात अडकव आणि नौका त्याच्यापुढे ढकल’ असे म्हणून पाहा. फरक त्याच फेरीत दिसू लागतो.

प्रत्येक स्ट्रोकवर सूचना देण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे. सतत सूचना मिळाल्या की सरावात कामगिरी सुधारते, पण सूचना थांबल्यावर ती टिकत नाही. शर्यतीत तर आपण सोबत नसतोच. एका वेळी एकच दोष घ्या. काही मिनिटे गप्प राहा, मग आधी मुलालाच विचारा, ‘तुला काय जाणवलं?’ त्याचे उत्तर ऐकल्यावरच व्हिडिओ दाखवा. जाणवले ते आणि दिसले ते यांतले अंतर त्याचे त्याला कळते, आणि ते आपल्या दहा वाक्यांपेक्षा खोल उतरते.

सरावातली सुधारणा पूर्ण स्ट्रोकमध्ये उतरली का, हेही तपासायला हवे. मिनिटाला अठरा स्ट्रोकच्या गतीला साधलेली गोष्ट अठ्ठावीसला निसटते, म्हणून गती हळूहळू वाढवत न्या. स्पर्धा आठवड्यावर आली असेल तर दोष तसाच राहू द्या. त्या दिवसांत मुलाला विश्वास हवा असतो, नवी दुरुस्ती नको.

उद्या सकाळी गंगापूर धरणावर प्रात्यक्षिक आहे. माझी विनंती आहे की पहिली फेरी आपण सर्वांनी मेगाफोन बंद ठेवून पाहावी, आणि प्रत्येकाने वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात : दिसलेला एक दोष आणि त्याचे आपल्याला वाटणारे कारण. दुपारच्या सत्रात कारणांवरच चर्चा करू. मतभेद होतील, ते व्हायलाच हवेत.