तेजोमेघ, पथदिवे आणि फिल्टर

शहरातून तेजोमेघाचे छायाचित्र टिपताना दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवलेला फिल्टर तेजोमेघाच्या प्रकाशात कणभरही भर घालत नाही, उलट त्यातलाही थोडा स्वतःच खातो; त्याचे सारे काम वजाबाकीचे असते, आणि ती लाभाची की तोट्याची हे समोरचा प्रकाश कशातून निर्माण झाला यावर ठरते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट, म्हणजे रंगांनुसार उलगडलेला प्रकाश, तपासला, तेव्हा ताऱ्यांसारख्या सलग पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा आढळल्या आणि तो तेजोमेघ विरळ वायूचा असल्याचे उघड झाले. त्यांतील ठळक हिरवी रेषा, जिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर आहे, ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते.

सोडियम दिव्यांचा प्रकाश मुख्यतः पिवळ्या भागात एकवटलेला असल्याने तेवढाच भाग अडवणारे जुने फिल्टर पुरेसे ठरत. पांढरे एलईडी मात्र निळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्वत्र प्रकाश सांडतात, त्यामुळे आता केवळ तेजोमेघाच्या रेषेपुरती फट ठेवणारा अरुंदपट्टा फिल्टरच खरा उपयोगी पडतो.

आकाशाचा उजेड संगणकावर वजा करता येत असताना फिल्टर हवाच कशाला, ही शंका रास्त आहे. परंतु वजा होते ती सरासरी, प्रकाशकणांच्या अनियमित येण्याने होणारा चढउतार नव्हे, आणि तो कणसंख्येच्या वर्गमूळाइतका असतो. संवेदकाच्या एका बिंदूवर आकाशाचे १०,००० व तेजोमेघाचे १०० कण पडले, तर आकाशाचा चढउतारच शंभराच्या घरात जाऊन तेजोमेघ त्यात बुडतो. सुमारे ३०० नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यातील ७ नॅनोमीटरच आत सोडणारा फिल्टर आकाशाचे कण अडीचशेच्या आसपास आणतो, चढउतार सोळावर येतो, आणि त्या एका रेषेतले तेजोमेघाचे कण जवळजवळ तसेच राहतात.

देवयानी दीर्घिकेला हे गणित लागू पडत नाही, कारण तिचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांचा, म्हणून सलग असतो, आणि फिल्टर तिलाही आकाशाबरोबरच कापतो. कृत्तिकांभोवतीची निळसर आभा हा धुळीवरून परावर्तित झालेला ताराप्रकाश असल्याने तिचीही तीच गत होते. नवशिके नेमके याच दोहोंपासून आरंभ करून फिल्टरला बोल लावतात, तेव्हा दोष फिल्टरचा नसतो. तेथे अंधारे गावच गाठावे लागते.

शिवाय सामान्य डीएसएलआर कॅमेऱ्यात संवेदकापुढे कारखान्यातच बसवलेली एक गाळणी असते, जी अवरक्त किरणांबरोबर ६५६.३ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाशही अडवते. ती न काढता हायड्रोजनचा महागडा फिल्टर लावणाऱ्याच्या पदरी मुख्यतः काळोखच पडतो.