तळघरात आलेलं पाणी कुणाचं?

(नवीन जालन्यात मोहल्ल्यातल्या तरुण मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला इथं बोलावलं तेव्हा सांगितलं होतं, ‘भाई, तुम्ही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहात, पोरांना करिअरबद्दल चार गोष्टी सांगा.’ त्या मी नंतर चहाच्या वेळी सांगेन. आत्ता मला गटाराबद्दल बोलायचंय. हसा, हरकत नाही. चार वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

आमची इमारत इथंच नवीन जालन्यात आहे. वर आठ फ्लॅट, खाली तळघर. तळघरात मुलींची अभ्यासिका चालते. पोलीस भरती, तलाठी, नर्सिंगची तयारी करणाऱ्या मुली सकाळपासून तिथं बसतात. घरी दोन खोल्यांत सात माणसं असली की अभ्यासाला जागा कुठून येणार? त्यामुळे त्या तळघराची किंमत काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी सुट्टीवर घरी आलो होतो. रात्री जोराचा पाऊस झाला, लाईट गेली. पहाटे अम्मीनं उठवलं, ‘खाली बघ, वास येतोय.’ तळघराच्या बाथरूममधून काळं पाणी उलटं वर येत होतं. घोट्यापर्यंत. पुस्तकं, नोट्स, सतरंज्या, सगळं त्यात.

लाईट आली तेव्हा जिन्याखालच्या खड्ड्यातला पंप नुसता घुमायला लागला. पाणी काही उचलेना. काहीतरी अडकलं होतं. मग इमारतीतले सगळे म्हणाले, ‘त्याला बोलवा.’ ‘तो’ म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. तो आला, कपडे काढले आणि आठ फूट खोल खड्ड्यात उतरला. दोर नाही, मास्क नाही. मी वर मोबाईलची बत्ती धरून उभा होतो. ‘साहब, बत्ती नीट धरा,’ एवढंच तो म्हणाला. त्यानं चिंध्या आणि डायपर बाहेर काढले. वर आल्यावर त्याला ओकारी झाली, भिंतीला टेकून बसला. आम्ही त्याला पाचशे रुपये दिले आणि आपण बरेच दिले असं आम्हाला वाटलं.

मी इंजिनिअर आहे. त्या खड्ड्यात काय असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाईड निघतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्याच्या तळाशी बसतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं, गॅस गेला. तिथंच तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. आपण बातम्या वाचतो ना, एकाच टाकीत तिघं गेले, ते असं होतं.

आणि कायदा काय म्हणतो? २०१३ चा हाताने मैला साफ करण्याविरोधी कायदा आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त नगरपालिकेला नाही, कुणालाही लागू आहे. म्हणजे आमच्या इमारतीलाही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. त्या पहाटे गुन्हा घडत होता आणि बत्ती माझ्या हातात होती.

आणखी एक गोष्ट. तो माणूस आपलाच आहे. ईदच्या नमाजला आपल्याच सफमध्ये उभा राहतो. पण त्याच्या घरच्या लग्नात किती जण जेवायला गेलो? ‘आपल्यात जात नाही’ हे आपण फार सहज म्हणतो. त्या खड्ड्याजवळ उभं राहून ते म्हणता येत नाही.

अभ्यासिका तीन आठवडे बंद राहिली. एका मुलीला घरच्यांनी सांगितलं, ‘आता राहू दे, घरीच बस.’ ती परत आली नाही. नुकसान मोजताना आम्ही पंप आणि फर्निचर मोजलं. ती मुलगी मोजली नाही.

त्यानंतर मी सुट्टी वाढवली आणि आमच्या इमारतीचे पाईप शोधत बसलो. सॉफ्टवेअरमध्ये बग सापडत नसेल तर आम्ही डेटा कुठून कुठं जातो ते पाहतो. इथंही तेच केलं. बाजारातून नीळ आणली. गच्चीच्या पावसाच्या पाईपात निळीचं पाणी ओतलं, दोन मिनिटांत ते जिन्याखालच्या खड्ड्यात दिसलं. तिसऱ्या मजल्याच्या बाथरूममध्ये ओतलं, तेही तिथंच. म्हणजे बांधणाऱ्यानं सगळ्या इमारतीचं सांडपाणी आणि गच्चीचा पाऊसही त्या एका खड्ड्यात सोडला होता. तिथून एक पंप ते उचलून रस्त्याकडच्या नालीच्या चेंबरमध्ये टाकायचा. पंप बंद पडला की आठ घरांचं पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे अभ्यासिकेच्या बाथरूममधून बाहेर येणार. वर पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. पावसात नाली तुंबली की रस्त्याचं पाणीही त्याच पाईपनं उलटं आत येत होतं.

मग मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावरचे चच्चा म्हणाले, ‘पाणी तळघरात आलं. आमच्याकडे नाही आलं. आम्ही पैसे का द्यायचे?’ मी त्यांना खाली नेलं आणि निळा डाग दाखवला. म्हटलं, ‘चच्चा, हे पाणी तुमच्याच घरून निघालंय.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हिस्सा किती?’ सगळेच असे तयार झाले नाहीत. दोन घरांनी शेवटपर्यंत पैसे दिले नाहीत, त्यांचा भार बाकीच्यांनी उचलला.

आम्ही काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी इमारतीत हेच असणार. एक, वरच्या मजल्यांचे पाईप खड्ड्यातून काढून थेट रस्त्याच्या चेंबरला जोडले. ते उताराने जातं, त्याला वीज लागत नाही. दोन, गच्चीचा पाऊस वेगळा केला आणि गाळून बोअरच्या पुनर्भरणाला लावला. मराठवाड्यात पावसाचं पाणी गटारात सोडायचं आणि एप्रिलमध्ये टँकर मागायचा, हे कसलं शहाणपण? तीन, खड्ड्यात आता फक्त तळघराचं पाणी येतं. तिथं एकाऐवजी दोन पंप, एक बंद पडला तर दुसरा. पंप साखळीला टांगलेले आहेत, अडकला तर वर ओढून साफ करायचा. आत कुणीही उतरत नाही. पाईपला व्हॉल्व्ह आहे आणि तो पाईप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मग खाली वळवलाय. इन्व्हर्टर आहे, कारण ज्या रात्री पाऊस येतो त्याच रात्री लाईट जाते. आणि पाणी ठराविक खुणेच्या वर गेलं की तीन फोनवर मेसेज येतो. माझ्या सॉफ्टवेअरचा उपयोग शेवटच्या एवढ्या कामात झाला. बाकी सगळं प्लंबिंग होतं.

आता इमारतीतून बाहेर या. मोहल्ल्याचं पंपिंग स्टेशन म्हणजे आमच्या खड्ड्याचंच मोठं रूप. सखल भागातलं सांडपाणी एका विहिरीत जमा करायचं आणि पंपानं वर उचलून पुढं सोडायचं. ‘मोठा पंप बसवा’ ही मागणी आपण लगेच करतो. जरा हिशोब करू. समजा, १०,००० लोकांचा मोहल्ला आहे. केंद्र सरकारच्या नियमावलीत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे दिवसाला १०,८०,००० लिटर, सेकंदाला सरासरी साडेबारा लिटर. पण सगळे सकाळीच आंघोळ करतात, म्हणून एवढ्या वस्तीसाठी तिप्पट धरतात. सेकंदाला साडेसदतीस लिटर. पंप तेवढ्याचा हवा, शिवाय एक राखीव.

आता याच वस्तीत फक्त एक हेक्टर गच्च्यांचा पाऊस आपण गटाराला जोडला, आणि तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला. अडीच लाख लिटर पाणी होतं. सेकंदाला जवळपास ७० लिटर. दहा हजार माणसांच्या सकाळच्या गर्दीपेक्षा जवळजवळ दुप्पट पाणी त्या एक हेक्टरातून आलं! सरकारनं कितीही मोठा पंप आणला तरी आपल्या गच्च्या त्याला हरवतील. म्हणून पंप बदलण्याआधी पाऊस आणि सांडपाणी वेगळं करा. हे काम आपल्या हातात आहे.

आणि विहिरीत काय टाकतो तेही पाहा. लग्नाच्या हॉलचं तेल, हॉटेलची चरबी, डायपर, चिंध्या. बकरी ईदला काही गल्ल्यांत रक्त आणि चरबी सरळ नालीत जाते. चरबी थंड झाली की पाईपात दगडासारखी होते. याबद्दल दुसऱ्यांनी बोट दाखवायच्या आधी आपणच बोललेलं बरं.

मोठा पंप असूनही काय होतं, ते मुंबईनं दाखवलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पावसाचं पाणी समुद्रात फेकणारी मोठी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. तिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उचलतो. तरी २६ मे २०२५ ला पाऊस लवकर आला आणि शहर तुंबलं. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट, चुनाभट्टी या ठिकाणच्या छोट्या पंपिंग स्टेशनांवर यंत्रणा वेळेत चालवली नाही म्हणून महापालिकेनं चार ठेकेदारांना प्रत्येकी दहा लाख दंड केला. यंत्रणा उभारायची व्यवस्था झाली होती, पण त्या दिवशी ती चालली नाही. आमच्या धंद्यात सर्व्हर घेणं सोपं असतं, रात्री तीन वाजता तो पडला तर कुणाचा फोन वाजणार हे ठरवणं अवघड असतं. पंपाचंही तसंच आहे.

जालन्याला हे नवीन नाही. काळी मशीद बांधणाऱ्या जमशेदखानानं मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. निजामाच्या काळातल्या घाणेवाडीच्या तलावाचं पाणी नवीन जालन्याला उताराने यायचं. या लोकांनी आधी जमिनीचा उतार पाहिला. आपण अभिमानानं त्यांची नावं घेतो. पण त्यांनी गावात आणलेलं पाणी वापरून झाल्यावर कुठं जातं, ते कुंडलिकेच्या पुलावर उभं राहून बघा. आता जायकवाडीचंही पाणी येतं. जेवढं जास्त पाणी शहरात येईल, तेवढं जास्त बाहेर काढावं लागेल. येणाऱ्या पाण्यासाठी आपण मोर्चे काढतो. जाणाऱ्या पाण्याबद्दल कुणी अर्जही करत नाही.

२०२३ मध्ये आपल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आता अर्ज करा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचं काय? आमच्या वॉर्डाचं सांडपाणी कुठल्या मार्गानं कुठं जातं, त्याचा नकाशा द्या. जिथं पंप आहे तिथं राखीव पंप आणि जनरेटर आहे का? पंप किती तास चालला, किती वेळा बंद पडला, त्याची नोंदवही दाखवा. गाळ कधी काढला? आणि शेवटचा प्रश्न कधीच विसरू नका: गाळ काढायला माणूस उतरतो की मशीन?

हे काम करायला इंजिनिअर असावं लागत नाही. आमच्या मोजणीत नोंदी लिहिणाऱ्या दोन मुली अभ्यासिकेतल्याच होत्या. त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा चोख होता.

त्या माणसाला मी नंतर भेटायला गेलो. माफी मागितली. त्याला ते जरा अवघडच वाटलं. म्हणाला, ‘साहब, पुन्हा पंप अडकला तर बोलवा.’ मी सांगितलं, आता पंप वर येतो, तुम्हाला खाली जायचं नाही. तो हसला आणि म्हणाला, ‘मग बाकीच्या इमारतींना पण सांगा ना.’

म्हणून आज इथं आलो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता या मोहल्ल्यातल्या पाच इमारतींत निळीची चाचणी करायची आहे. नीळ मी आणतो. तुम्ही बादल्या आणा.