ड्रमची तोटी



आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, २०१६ च्या उन्हाळ्यात तुम्ही शाळेत असाल. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. एवढ्या मोठ्या शहराला ते कितीसं पुरणार!

मी तेव्हा एका रुग्णालयात होतो. नळ बंद. वॉर्डाच्या दाराशी निळा ड्रम आणि त्यात एक मग. टँकर आला की ड्रम भरायचा. एकदा मी एकाची पू झालेली जखम पाहून आलो आणि घाईत तोच हात मगासकट ड्रममध्ये बुडवला. फरशी पुसणाऱ्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "साहेब, आता या पाण्यानं बाकीच्यांनी हात धुवायचे का भरून घ्यायचे?"

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस. साठवलेल्या पाण्यात स्यूडोमोनास हा जंतू कसा फोफावतो, हे मी वर्गात तासभर शिकवायचो. मावशींनीच सुचवलं, ड्रमला खाली तोटी बसवा. दुसऱ्या दिवशी बसली. माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा त्या तोटीने जास्त रुग्ण वाचवले असतील, असं मला मनापासून वाटतं.

पण पाणी नव्हतं, एवढ्यावर मी सुटत नाही. पुढे चोवीस तास नळ चालणाऱ्या वॉर्डांतही मी काम केलं. हात न धुता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे डॉक्टर तिथेही होते. त्यांत मीही होतो.

सेमेलवाइसने १८४७ साली व्हिएन्नात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणी वाचल्या, हे तुम्ही पाठ केलं आहे. जिनिव्हाची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात कमी येते. तिथल्या रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांच्या लक्षात आलं, की कामाच्या रेट्यात प्रत्येक वेळी बेसिनपर्यंत जायला परिचारिकांना वेळच नाही. त्यांनी अल्कोहोलची बाटली खाटेजवळ आणली. १९९४ ते १९९७ या काळात हातांची स्वच्छता पाळण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ वर गेलं आणि रुग्णालयातला संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर उतरला. माणसं तीच होती, बाटलीची जागा बदलली.

जागतिक आरोग्य संघटनेने हात चोळायच्या या द्रवाची, म्हणजे हँडरबची, कृती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. इथेनॉल, ग्लिसरॉल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. रुग्णालयाच्या औषधालयात तो बनवता येतो. हात चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात, पाण्याचा थेंब लागत नाही. ऊस आमचं पाणी प्यायला, असं आपण मराठवाड्यात म्हणतो. त्याच उसाच्या मळीतून हे अल्कोहोल निघतं. निदान एवढं तरी त्याच्याकडून वसूल करू या. मात्र हाताला रक्त किंवा विष्ठा लागली असेल, तर साबण आणि पाणीच हवं. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

पाणी असलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. नांदेडला तर गोदावरी आहे. तिथलं सरकारी रुग्णालयही नदीकाठच्या विष्णुपुरीतच. तिथे ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ जण गेल्याची बातमी आली, त्यांत १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंचं खापर मी इथे कुणावर फोडणार नाही. पण गर्दीबद्दल बोललंच पाहिजे. एका वॉर्मरवर दोन बाळं निजवली आणि सिस्टर एकच असली, की दोन बाळांमध्ये हात स्वच्छ करायला उसंत कुठून मिळणार? एकाचा जंतू दुसऱ्याकडे जातो तो त्या सिस्टरच्या हातून, पण दोष तिचा नसतो. खाटा आणि माणसं मागणं हे संसर्ग रोखण्याचंच काम आहे. ते तुम्हाला लेखी आणि पुन्हा पुन्हा करावं लागेल.

तुमच्यातले कितीतरी जण आता ग्रामीण रुग्णालयांत रुजू होतील. पहिल्याच दिवशी विचारा: पाणी कोणत्या दिवशी येतं? ड्रम कोण धुतं? हँडरब संपला की मागणीपत्र कोण लिहितं? उत्तर मिळालं नाही, तर ते काम स्वतःकडे घ्या. आणि वॉर्डातल्या मावशींना, मामांना आपलं नाव सांगा. "साहेबा"पेक्षा नाव माहीत असलेल्या माणसाला हटकणं त्यांना सोपं जातं.