बॅड रिलिजन: दोन गीतकारांची चुरस

लॉस एंजेलिस परिसरात १९८० साली सुरू झालेल्या 'बॅड रिलिजन' या पंक बँडवर एक जुना आक्षेप आहे: यांचे सगळे अल्बम सारखेच. तेच वेगवान ड्रम, तेच सुरेल कोरस, तेच जड शब्द. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. साचा आहे खरा, पण तो सहज सापडलेला नाही. १९८३च्या 'इन्टू द अननोन'मध्ये त्यांनी कीबोर्डप्रधान रॉक करून पाहिला आणि पंक श्रोत्यांनी पाठ फिरवली. मग १९८८ मध्ये 'सफर' आला: १५ गाणी, जेमतेम २६ मिनिटं, एकही ओळ फुकट नाही. माझ्या मते त्यांचं शिखर तेच.

पण साचाच सर्वस्व असेल, तर पुढचा उतार समजत नाही. बँडमधले ग्रेग ग्रॅफिन आणि ब्रेट गुरेविट्झ दोघंही गाणी लिहीत. १९९४ मध्ये गुरेविट्झ बाहेर पडले. वेग राहिला, कोरस राहिले, तरी १९९८चा 'नो सबस्टन्स' विस्कळीत वाटतो. गुरेविट्झ परतल्यावर २००२ मध्ये आलेला 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' मात्र पहिल्या गाण्यापासून पेटलेला आहे. कुणी म्हणेल, १९९६चा 'द ग्रे रेस' त्यांच्याविनाच उत्तम झाला. झाला, मनापासून मान्य. पण त्यात मुख्यतः ग्रॅफिन यांचं गांभीर्य आहे, दोघांच्या चुरशीतून येणारी धार नाही. नवख्या श्रोत्यांनी 'सफर' आणि 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' पाठोपाठ ऐकावेत आणि मगच 'नो सबस्टन्स' लावावा.